दाखला खरा की नुसता कागद? नर्सच्या नोंदणीमागचा शंभर वर्षांचा इतिहास

बारावीचा निकाल लागला की बोरी अरब, दारव्हा, नेर, दिग्रस या पट्ट्यात एसटीच्या थांब्यांवर रंगीत पत्रके चिकटलेली दिसू लागतात. 'सहा महिन्यांत नर्स व्हा', 'एका वर्षात नर्सिंग, शंभर टक्के नोकरी', 'दहावी नापासही चालेल'. खाली एक मोबाईल नंबर असतो आणि पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या मुलीचा फोटो. आपल्या वस्तीतल्या आई-बापाला वाटते, पोरगी शिकली, चार पैसे कमावती झाली, तर वावरातली मजुरी सुटेल. मग सोयाबीनचे पैसे, बचत गटाचे कर्ज, कधी आईच्या गळ्यातले डोरले असे सगळे त्या फीमध्ये जाते.

आम्ही काही परिचारिका या भागातल्या वस्त्यांत आणि विहारांतल्या महिला मंडळांच्या बैठकांत आरोग्यावर बोलायला जातो. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी नर्सिंगची पदविका घेतली, वर्षानुवर्षे वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आणि मग संघटनेच्या कामात उतरल्या. बैठक संपली की एखादी मुलगी हळूच पिशवीतून प्रमाणपत्र काढते आणि विचारते, "ताई, यावर सरकारी भरतीचा फॉर्म भरता येईल का?" त्यावर गोल शिक्का असतो, सोनेरी किनार असते, मोठमोठ्या सह्या असतात. नसते ती फक्त परिषदेची मान्यता. अशा कागदावर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय सरकारी नोकरी मिळत नाही. दोन वर्षे गेली, पैसे गेले, हे त्या पोरीला समोर बसून सांगणे आम्हाला अजूनही जड जाते.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आजाराबद्दल न लिहिता आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांबद्दल लिहीत आहोत. नर्सचे प्रशिक्षण कसे सुरू झाले, नर्सना संघटना का करावी लागली, नोंदणीचा कायदा कशासाठी आला, हे कळले की ते पत्रक खरे की खोटे हे ओळखायला वेळ लागत नाही.

शाळा नव्हती तेव्हाची सेवा

आजाऱ्याची सेवा ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नाही. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. हगवणीने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी जवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून स्वच्छ जागी निजवले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला काय सोसते आणि काय सोसत नाही हे कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मल, मूत्र, ओकारी, थुंकी यांची किळस करू नये. आणि रोग्याला धीर देता यावा. आजच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात, फक्त शब्द वेगळे असतात.

पण गावगाड्यात या सेवेला जात चिकटली. बाळंतपण, नाळ कापणे, वार पुरणे, विटाळाचे कपडे धुणे ही कामे 'अपवित्र' ठरली आणि अनेक गावांत ती मातंग, महार समाजातल्या बायांच्या वाट्याला आली. अडलेल्या बाळंतिणीच्या खोलीत सुईण चालायची. बाळ जन्मले की तीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांची कला होती, पण त्या कलेला ना पगार होता ना मान. जंतू म्हणजे काय, हात का धुवायचे, नाळ उकळलेल्या पात्यानेच का कापायची, हे तिला कोणी शिकवलेही नाही. त्यामुळे धनुर्वाताने बाळे जात आणि दोष तिच्यावर येई.

सावित्रीमाईंचे काम आपल्या घराघरात माहीत आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात त्यांनी आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी उपचार केंद्र उघडले. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन केंद्रात आणले. याच कामात प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला शिवायचे नाही, त्यातही अस्पृश्याला तर नाहीच, अशा काळात एका बाईने केलेली ही शुश्रूषा होती. नर्सिंगचा इतिहास शिकताना आमच्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, सावित्रीमाई नव्हत्या. त्यांना आम्हीच आमच्या मनात तिथे बसवले.

मुंबईतल्या पहिल्या शाळा

नाइटिंगेल यांचे नाव मात्र टाळून चालत नाही. १८५४ साली त्या क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या सेवेला गेल्या. तिथे गोळीपेक्षा घाण, दूषित पाणी आणि तापाने जास्त सैनिक मरत होते. हे त्यांनी आकड्यांनी मांडले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी नर्सची शाळा काढली. सेवा ही केवळ दया नाही, ते शिकून करायचे काम आहे, हा विचार तिथून रुजला. त्यांचा १२ मे हा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

आपल्याकडे मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ साली नर्सची शाळा सुरू झाली. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. पेस्तनजी कामा या पारशी दात्याच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय फक्त बाया आणि मुलांसाठी होते आणि ते चालवायच्याही बाया डॉक्टरच. तिथल्या प्रमुख डॉ. एडिथ पेची यांनी नर्सना शिकवायला सुरुवात केली. मुंबईत प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव घेतले जाते. ते साल १८९१. त्यांच्याविषयी फारशी माहिती पुस्तकांत सापडत नाही, पण नाव टिकले आहे.

त्या काळी सवर्ण घरच्या मुली या कामाला येत नव्हत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, हे सगळे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने, १९०९ नंतर, विधवा बायकांना ससून रुग्णालयात नर्सचे शिक्षण घ्यायला पाठवले, तेव्हा त्यांनाही टीका सोसावी लागली. त्यामुळे सुरुवातीच्या नर्स बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती होत्या. त्या ख्रिस्ती मुलींत अस्पृश्य जातींतून धर्मांतर केलेल्या घरच्या मुलीही होत्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांना वॉर्डात जागा मिळाली, हातात थर्मामीटर आला. आपण नर्सला 'सिस्टर' म्हणतो, तो शब्दही चर्चच्या जोगिणींवरूनच आला आहे.

या इतिहासात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे काम जातीने 'घाणीचे' म्हणून आपल्या आजी-पणजीवर लादले, तेच काम शाळा, परीक्षा आणि पगार यांच्या चौकटीत आले तेव्हा तो एक व्यवसाय झाला. काम फारसे बदलले नव्हते. प्रशिक्षण आले, त्याला मोजमाप आले, आणि त्याबरोबर मान येऊ लागला.

संघटना कशासाठी लागली

नर्स शिकून बाहेर पडू लागल्या, पण प्रत्येक शाळेचा अभ्यास वेगळा होता. कुठे सहा महिने, कुठे तीन वर्षे. कुठे परीक्षा व्हायची, कुठे डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी म्हणजेच प्रमाणपत्र. एका शहरात नर्स म्हणून मानली गेलेली बाई दुसऱ्या शहरात आया ठरायची. पगार मालकाच्या मर्जीवर, राहायची जागा वॉर्डाच्या कोपऱ्यात, म्हातारपणाची सोय शून्य.

१९०५ साली लखनौला काही मोजक्या युरोपियन नर्सिंग अधीक्षिका एकत्र आल्या आणि त्यांनी अधीक्षिकांची संघटना काढली. १९०८ साली सगळ्याच प्रशिक्षित नर्ससाठी 'ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया' स्थापन झाली. तिला आम्ही नर्स थोडक्यात टीएनएआय म्हणतो. १९१० पासून संघटनेचे मासिक निघू लागले. १९२२ साली दोन्ही संघटना एक झाल्या. पुढे आरोग्य अभ्यागता, सुईणी आणि शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठीही तिच्या शाखा निघाल्या. मुंबई इलाख्यात त्याच सुमारास नर्सिंग असोसिएशन उभी राहिली आणि वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या नर्सची परीक्षा एकाच मापाने घेण्याची पद्धत पडू लागली.

या संघटना गोऱ्या मेमसाहेबांच्या होत्या, हे खरे आहे. त्यांच्या सभांत वस्तीतली बाई बसत नव्हती. पण त्यांनी धरलेली मागणी सगळ्यांच्या उपयोगाची ठरली. मागणी साधी होती. कोण नर्स आणि कोण नाही, हे मालक किंवा डॉक्टर ठरवणार नाही. कायद्याने एक नोंदवही ठेवा. ठरावीक शिक्षण आणि परीक्षा झाली तरच त्यात नाव चढेल आणि नाव चढलेली बाईच नर्स.

नोंदवहीचा कायदा

मद्रास प्रांतात असा कायदा १९२६ साली झाला. मुंबई प्रांतात १९३५ साली परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागतांच्या नोंदणीचा कायदा आला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणून मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभरातल्या अभ्यासक्रमाचे माप एक झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वेगवेगळ्या भागांतले कायदे एकत्र करून महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ आला. आज मुंबईत असलेली महाराष्ट्र परिचर्या परिषद याच कायद्याने नोंदणी करते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. परिषदेचे नाव बदलेल, पण नोंदवही राहणारच आहे.

ही नोंदवही म्हणजे सरकारी कागदपत्रांचा आणखी एक गठ्ठा, असे समजू नका. एखाद्या नर्सने चुकीचे औषध दिले तर तिला जाब विचारता येतो, कारण तिचे नाव वहीत आहे. आणि तिच्यावर खोटा आळ आला तर तिलाही दाद मागता येते, कारण तिचे नाव वहीत आहे. वहीबाहेरच्या मुलीला दोन्ही बाजूंनी मार. रोग्याचे काही बिघडले तर दवाखान्याचा मालक हात वर करतो, "ती आमची नर्स नव्हतीच."

गावात सिस्टर कशी आली

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्या वेळी देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. म्हणजे आजच्या हिशेबाने बोरी अरबसारख्या कित्येक गावांत मिळून एक. तीही शहरात राहणार.

ही पोकळी भरायला १९५० नंतर सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, हा लहान अभ्यासक्रम निघाला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिच्याकडे बाळंतपणाबरोबर लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप अशी सगळी कामे आली आणि ती 'आरोग्य सेविका' झाली. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० मागे एक उपकेंद्र, असा निकष आहे.

आपल्या घरी येणाऱ्या बायांत फरक कसा ओळखायचा, तेही इथेच सांगतो. आशाताई ही गावातलीच कार्यकर्ती. तिला मानधन आणि कामानुसार मोबदला मिळतो, ती नर्स नाही आणि इंजेक्शन-सलाईन हे तिचे काम नाही. उपकेंद्रातली आरोग्य सेविका ही एएनएम. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात असते ती अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, तिने जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेले असते. उपकेंद्रात हल्ली समुदाय आरोग्य अधिकारीही असतात, ते बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेले आणि वेगळे प्रशिक्षण घेतलेले असतात. कोणाकडे कशासाठी जायचे हे कळले की आपला हेलपाटा वाचतो.

शिक्षणाने काय होते: केईएममधली ४२ वर्षे

प्रशिक्षित शुश्रूषा म्हणजे काय, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री रुग्णालयातच अत्याचार झाला. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला रक्त मिळाले नाही आणि त्या कायमच्या बिछान्याला खिळल्या. मुंबईतल्या नर्स संपावर गेल्या. अरुणाला नीट वागवा आणि आम्हाला कामाच्या जागी सुरक्षितता द्या, ही त्यांची मागणी होती. पुढे त्यांना केईएममधून हलवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हाही नर्स आडव्या उभ्या राहिल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षे, नर्सच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, धुतले, कूस बदलली. दयामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली या नर्सचे म्हणणे महत्त्वाचे मानले आणि त्यांच्या सेवेचे मनापासून कौतुक केले.

इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांच्या अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत, हे ज्यांनी घरात लकवा झालेला म्हातारा सांभाळला आहे त्यांना कळेल. एकाच कुशीवर पडून राहिले की कंबर, टाचा, ढुंगण, खांद्याची पाती या हाडाच्या जागी रक्त पोचत नाही, कातडी लाल होते, मग काळी पडते आणि फुटते. ते टाळायला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. ओले कपडे लगेच बदलायचे. लाल झालेल्या जागी जोराने चोळायचे नाही. खायला डाळ, अंडी, दूध असे अंग भरणारे द्यायचे. घरातल्या माणसासाठी हे आजपासून करता येईल. मात्र कातडी फुटली किंवा घाण वास येऊ लागला तर हळद-राख लावत बसू नका, दवाखान्यात न्या.

ही कामे पाहणाऱ्याला साधी वाटतात. पण चाळीस खाटांच्या वॉर्डात एक नर्स असेल तर दर दोन तासांनी कोणाकोणाची कूस ती बदलणार? म्हणूनच परिचर्या परिषदेचा निकष आहे की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक नर्स असावी. सरकारी दवाखान्यात सिस्टर चिडचिड करते अशी तक्रार आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. तिचे बोलणे चुकीचे असेल तर जरूर सांगा. पण त्याबरोबर एवढेही विचारा, आज या वॉर्डात किती रोगी आणि किती नर्स? हा प्रश्न नर्सची संघटना विचारते तेव्हा ती आपल्या रोग्यांसाठीच विचारत असते.

पगार, ठेका आणि आरक्षण

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना ठामपणे सांगितले होते की बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे. आज दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्या बाईला, मागच्या बारा महिन्यांत तिने किमान ८० दिवस काम केले असेल तर, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. खासगी रुग्णालयातल्या नर्सलाही हा हक्क आहे. पण "पोट दिसायला लागले, आता येऊ नको" असे ऐकून घरी बसलेल्या मुली आम्हाला भेटतात. त्यांच्याकडे ना नेमणूकपत्र असते ना पगाराची पावती.

खासगी रुग्णालयांतल्या तुटपुंज्या पगाराविरुद्ध टीएनएआय २०११ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले. समितीने म्हटले की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला सरकारी नर्सइतका पगार असावा, १०० च्या वरच्या रुग्णालयात तो फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० खाटांमध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला २०,००० रुपयांच्या खाली नसावा. या शिफारशी राज्यांनी राबवायच्या आहेत. तालुक्याच्या गावी किती ठिकाणी हा आकडा मिळतो, ते आपल्या मुलींना विचारा.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोताने, म्हणजे ठेकेदारामार्फत, भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध काम बंद आंदोलन केले. वर्तमानपत्रांत रुग्णांचे हाल छापून आले आणि वस्तीत लोक म्हणाले, "या सिस्टर लोकांना किती पगार पाहिजे?" त्या आंदोलनातला आपला प्रश्न आपल्याच लक्षात आला नाही. सरकारी भरतीत बिंदुनामावली असते, अनुसूचित जातीची जागा राखलेली असते. ठेकेदाराच्या यादीत बिंदुनामावली नसते. कायम जागा ठेक्यावर गेली की आरक्षणाची जागाही तिच्याबरोबर जाते. पन्नास-साठ वर्षांत आपल्या समाजातल्या हजारो मुली जिल्हा परिषदेत आणि सरकारी रुग्णालयात नर्स झाल्या, त्या याच दारातून. ते दार अरुंद होत असेल तर ती फक्त नर्सची अडचण राहत नाही.

आतली वाट सोपी होती असेही नाही. शिकायला गेल्यावर वसतिगृहात पहिल्याच दिवशी पूर्ण नाव, आडनाव, गाव विचारून जात काढण्याचा अनुभव आमच्यातल्या अनेकींना आला. 'कोट्यातली' म्हणून टोमणे बसले. ज्या रोग्याने हातचे पाणी नाकारले त्याच्या जखमेला मलमपट्टीही आम्हीच केली. त्या वेळी पाठीशी उभी राहणारी एखादी वरिष्ठ सिस्टर, एखादी संघटना असली की मुलगी टिकते. नसली की ती शिक्षण सोडून घरी येते.

फी भरण्याआधी हे तपासा

मान्य अभ्यासक्रम मोजकेच आहेत.

एएनएम: दोन वर्षे, बारावीनंतर, फक्त मुलींसाठी.

जीएनएम: तीन वर्षे, बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजीसह किमान ४० टक्के. मुलगे आणि मुली दोघांनाही.

बीएस्सी नर्सिंग: चार वर्षे, बारावी विज्ञान शाखेतून, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन. प्रवेश राज्याच्या सीईटीतून.

सहा महिन्यांत, एका वर्षात कोणी नर्स होत नाही. 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर', 'जनरल ड्यूटी' अशा नावांचे लहान अभ्यासक्रम मदतनिसाच्या कामासाठी असतात. ते शिकणे वाईट नाही, पण नर्स म्हणून नोंदणी त्यावर होत नाही.

फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची या वर्षाची मान्यता आहे का? एएनएम-जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेणार आहे का, आणि बीएस्सी असेल तर नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ? प्रात्यक्षिकासाठी मुली कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे किती खाटा आहेत? आणि मूळ कागदपत्रे संस्था स्वतःकडे ठेवणार आहे का? दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणाऱ्या संस्थेपासून लांब राहा.

पैशांचे म्हणाल तर वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांतल्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर भरायचा. मात्र प्रवेश शासनाच्या प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि नेमके हेच एजंट सांगत नाही. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर समाजकल्याण खात्याची स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी ही कागदे अकरावीतच काढून ठेवा, निकालानंतरच्या धावपळीत ती मिळत नाहीत.

शिक्षण झाले की परिषदेत नोंदणी करा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा, आणि एकटे राहू नका. टीएनएआय ही व्यवसायाची संघटना आहे, ती शिक्षण आणि दर्जा पाहते. पगार, बदल्या, ठेका यांसाठी कामगार म्हणून लढणाऱ्या संघटना वेगळ्या असतात. नर्सला दोन्ही लागतात. नेमणूकपत्र मागा, पगार बँकेतूनच घ्या, ड्यूटीच्या पाळ्यांची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवा.

आणि घरच्यांसाठी

दवाखान्यात इंजेक्शन घेताना सुई-सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडले का ते पाहा. औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचायला लावा. "ताकदीची सलाईन" स्वतःहून मागू नका, खाता-पिता येत असेल तर बहुतेक वेळा तिची गरज नसते. आणि "सिस्टर, तुमची नोंदणी आहे का?" हे विचारायला लाजू नका. नोंदणी असलेल्या नर्सला या प्रश्नाचा राग येत नाही. नोंदणी नसलेली मुलगी कदाचित आपल्याच वस्तीतली असेल, अर्ध्या पगारावर राबणारी. तिच्यावर ओरडू नका. तिला सांगा की बारावीच्या गुणांवर जीएनएमचा अर्ज अजूनही भरता येतो, वय गेलेले नाही.

या वर्षी निकालानंतर ज्यांच्या घरी असे पत्रक येईल त्यांनी फी भरण्याआधी ते घेऊन जवळच्या विहारातल्या महिला मंडळाकडे किंवा ओळखीच्या सरकारी नर्सकडे जावे. संस्थेचे नाव मान्यताप्राप्त यादीत शोधायला दहा मिनिटे लागतात. ते काम आम्ही बसून करून देऊ, आणि आमच्यासारख्या नर्स आता प्रत्येक तालुक्यात आहेत.

जय भीम.